हलकी झालेली उल्का

१

“बाबा, ही ती उल्का नाहीये! ही खोटी आहे!”

तारांगणाच्या पुढच्या दालनात भुंग्याचा आवाज असा घुमला, की खेळ संपल्यावर बाहेर पडणारी माणसं जागच्या जागी थांबली. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरून तसाच उभा राहिलो. मला फक्त एक फोटो हवा होता. निदान कुणी तोंड फिरवलेलं नाही, असा एक फोटो. एवढीच माझी माफक अपेक्षा.

भुंगा म्हणजे माझा अकरा वर्षांचा मुलगा. सकाळी डोळे उघडल्यापासून कानाशी प्रश्नांची गुणगुण, म्हणून भुंगा. त्याची ताई पंधरा वर्षांची. घरात आम्ही तिला माऊ म्हणतो. चारचौघांत म्हटलं तर ओरबाडते. या दोघांना एकाच वेळी आवडेल अशी जागा शहरात शोधणं, हा गेले काही महिने माझा सुट्टीचा उद्योग झाला होता. सिनेमाला नेलं, तर माऊ मध्यंतराच्या आधीच उठून बाहेर जाऊन बसली. मत्स्यालयात काचेच्या बोगद्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, “मला मासे आवडत नाहीत.” ज्यावरून अख्खं शहर दिसतं त्या मनोऱ्यावर नेलं, तर लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नाही. जिन्यानं चढत राहिली, आणि वर पोचली तेव्हा आम्ही उतरायला निघालो होतो.

म्हणून या रविवारी मी कुणाला काही कळूच दिलं नाही. “पोहायला जायचंय” असं सांगून सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि गाडी थेट तारांगणासमोर उभी केली. माझ्या मते हा सुखद धक्का होता. माऊच्या मते ही शुद्ध फसवणूक होती. बायकोनं टॉवेलांनी फुगलेली पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि पुढे चालू लागली. दिवसभर ती पिशवी मीच वागवली.

खेळ सुरू होण्यापूर्वी मात्र थोडी मजा आली होती. दालनाच्या मधोमध एका चौथऱ्यावर काचेच्या झाकणाखाली उल्का ठेवली होती आणि खाली पाटी होती, ‘खरी उल्का. हात लावून पाहा.’ तारांगणाचे व्याख्याते, पांढऱ्या मिशांचे, खांद्याला कापडी पिशवी लावलेले एक वयस्कर गृहस्थ, झाकण काढून ती प्रत्येक मुलाच्या हातात देत होते. नारळाएवढी, काळीभोर, अंगभर खळगे. भुंग्याच्या हातात आली तसे त्याचे दोन्ही हात खाली गेले. त्यानं खिशातलं लोहचुंबक काढून लावलं, तर ते खट्‌कन चिकटलं.

“लोखंड आहे त्यात,” सर खूश होऊन म्हणाले. “पृथ्वीवरचं नव्हे हं.”

माऊनंही बोट लावून पाहिलं. “किती गार आहे,” ती म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य. मी फोटो काढेपर्यंत ती बाजूला झाली होती.

म्हणूनच खेळ संपल्यावर मी भुंग्याला म्हटलं, पुन्हा लाव चुंबक, आता काढतो. त्यानं झाकण उचललं, चुंबक लावलं, आणि ते घसरून खाली पडलं.

२

“हात लावू नका! झाकण कोणी काढलं?” दारावरच्या बाई धावत आल्या. त्यांच्या मागोमाग बोळातल्या खोलीतून व्यवस्थापक बाहेर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठ्या.

“काय गोंधळ आहे?”

“ही खोटी आहे,” भुंगा म्हणाला.

“बाळा, वर्षानुवर्षं इथे हीच उल्का आहे,” व्यवस्थापक म्हणाले. चौथऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. “तुझ्या चुंबकातच काहीतरी बिघडलं असेल. चला, पुढच्या खेळाची माणसं यायची आहेत.”

“चुंबक बिघडत नाही! खेळाच्या आधी चिकटलं होतं, सरांनी पाहिलंय! आणि तेव्हा ती इतकी जड होती!”

“आधी चिकटलं होतं?” व्यवस्थापकांनी विचारलं. मग एकदम वळून ते आपल्या खोलीत निघून गेले.

मी भुंग्याचा दंड धरला. “झालं? सुखानं एक दिवस—”

“थांब रे जरा,” बायको म्हणाली.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. ती विमा कंपनीत दावे तपासते. कुणाचं गोदाम पेटलं, कुणाची गाडी दरीत गेली, की ही जाऊन बघते की पेटलं की पेटवलं. या नोकरीमुळे ती कुणाच्याच बोलण्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. घरात याचा फार त्रास होतो.

तिनं चौथऱ्यावरची उल्का उचलली. एका हातानं. मला वाटलं होतं, तिचा हात खाली जाईल. गेला नाही. तिनं ती कानाशी धरून नखानं टकटक केली.

“पोकळ आहे,” ती म्हणाली.

तेवढ्यात बोळातलं दार धाडकन उघडलं. व्यवस्थापक बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दारं लावून घ्या,” ते बाईंवर ओरडले. “उल्का चोरीला गेलीय. सगळ्यांच्या बॅगा तपासल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही!”

३

दालनात तशी फार माणसं उरली नव्हती. बरीचशी भुंगा ओरडण्याआधीच निघून गेली होती. आम्ही चौघं, दारावरच्या बाई, व्यवस्थापक, आणि दोन कंटाळलेल्या भाच्यांना घेऊन आलेला एक मामा. मामाच्या पाठीवर भलीमोठी सॅक होती. सर अजून घुमटाच्या आतच होते.

व्यवस्थापक आधी मामाकडे वळले. “तुम्ही मघाशी हिचं वजन विचारत होतात, या बाई सांगतात.”

“विचारलं. मला दगड जमवायचा नाद आहे,” मामा वैतागून म्हणाला. सॅक त्यानं जमिनीवर पालथी केली. पाण्याच्या बाटल्या, एक दुर्बीण, भाच्यांचे स्वेटर, आणि खरोखरच रस्त्यावरून उचललेले तीन दगड. “हे बघा. यातला एक बागेतला आहे, हवा तर ठेवून घ्या. आणि साहेब, मी खेळभर आतच होतो. या दोघांना विचारा, यांना दोन्ही बाजूंनी धरून बसावं लागलं मला.”

“खेळ चालू असताना बाहेर कोण होतं?” व्यवस्थापकांनी बाईंना विचारलं.

बाई अडखळल्या. “मी आधी आत लोकांना बॅटरी दाखवून बसवत होते. मग दार लावून इथे बाहेर येऊन बसले. तेव्हापासून इथे कोणी आलं नाही, साहेब. म्हणजे... फक्त ही मुलगी बाहेर आली होती. बोळाकडे गेली.”

सगळ्यांचे डोळे माऊकडे वळले. माझेही वळले, आणि मला अंधारात माझ्या शेजारची रिकामी खुर्ची आठवली. खेळ आधीच उशिरा सुरू झाला होता, आणि सुरू झाला न झाला तोच ती उठली होती. मी मनात म्हटलं होतं, झाली सुरुवात.

“कुठे गेली होतीस?” बायकोनं विचारलं.

“बाहेर.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“आई, प्लीज.”

“बोळात माझी खोली आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “ती बॅग उघडा.”

माऊनं खांद्यावरची बॅग दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. तिची मान ताठ होती. मला तिचा राग येत होता आणि तिला घेऊन तिथून पळून जावंसंही वाटत होतं. “अगं, दाखव ना, काय आहे त्यात एवढं?” मी म्हटलं.

“तू पण, बाबा?” ती म्हणाली.

व्यवस्थापकांनी बॅगेकडे हात केला आणि बायको मध्ये उभी राहिली.

“माझ्या मुलीच्या बॅगेला हात लावायचा नाही.”

“मग मला पोलिसांना बोलवावं लागेल.”

“खुशाल बोलवा,” बायको म्हणाली. “पण त्याआधी मला थोडा वेळ द्या. पोलीस आले, की सगळ्यात आधी ते तुम्हालाच प्रश्न विचारतील, आणि ते तुम्हाला आवडायचे नाहीत.”

४

ती मला बाजूला घेऊन गेली. मला वाटलं, माऊबद्दल बोलेल. तिनं खोटी उल्का माझ्यासमोर धरली.

“नीट बघ. खऱ्या उल्केवर एका बाजूला अंगठा बसेल असा खळगा होता. इथेही आहे. प्रत्येक खाच तशीच्या तशी. ही नजरेनं बघून घडवलेली नाही, खरीवरून साचा काढून ओतलीय. साचा काढायचा म्हणजे खरी उल्का सवडीनं हाताशी हवी. रविवारी तिकीट काढून आलेल्या माणसाला ती मिळेल?”

“नाही.”

“म्हणजे मामा नाही. आणि माऊला तर आपण इथे येणार हेच माहीत नव्हतं. तुझ्या कृपेनं.” माझ्या सुखद धक्क्याबद्दल त्या दिवशी कुणी काढलेला हा एकमेव बरा शब्द. “पोहण्याचे कपडे घेऊन निघालेली मुलगी बरोबर खोटी उल्का घेऊन येत नाही.”

“मग तू तिला विचारत का बसलीस?”

“कारण ती कुठे होती हे मला आई म्हणून हवंय,” ती म्हणाली. “ते नंतर. आधी हे सांग, व्यवस्थापक पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा काय म्हणाले?”

“हीच उल्का आहे म्हणाले. वर्षानुवर्षं.”

“हात लावला? उचलून पाहिली? एवढी मोलाची वस्तू, मुलगा ओरडतोय खोटी आहे म्हणून, आणि हे गृहस्थ निवांत. गोदाम जळतंय म्हटल्यावर मालक धुराकडे बघतसुद्धा नसेल, तर मी काय समजते?”

“माल आत नाहीच.”

“आणि मालकाला ते माहीत आहे. चौथऱ्यावर खोटी आहे हे यांना आधीपासून ठाऊक होतं. मग भुंगा म्हणाला, आधी चुंबक चिकटलं होतं. तेव्हा हे चमकले, खोलीत गेले आणि पांढरे पडून बाहेर आले. मधल्या वेळात इथे काहीच बदललं नव्हतं. बदललं ते खोलीत. खरी जिथे असायला हवी होती, तिथे त्यांना ती सापडली नाही.”

मी आवाज खाली आणला. “म्हणजे यांनीच खरी खोलीत लपवली होती? आणि ती कुणीतरी चोरली?”

“चोर असता तर त्यानं खोलीतून उचलली असती आणि घरी नेली असती. चौथऱ्यावरच्या खोटीला कशाला हात लावेल? कुणाला कळलंही नसतं. आपण सगळे विचारतोय, खोटी इथे कशी आली. ती तर रोजचीच. प्रश्न असा आहे, की खेळाच्या आधी खरी इथे कशी आली?”

मी उत्तर द्यायच्या आत ती दारावरच्या बाईंकडे गेली. “बाई, उल्का मुलांच्या हातात रोज देतात?”

“सर देतात. व्यवस्थापकसाहेब जेवायला बाहेर गेले, की,” बाई हळूच म्हणाल्या. “एरवी, पाटी काहीही म्हणो, नुसती काचेखाली असते. आज साहेब लवकर परतले, खेळ चालू असतानाच.”

“खोलीची किल्ली आणखी कुणाकडे असते?”

बाईंनी घुमटाच्या दाराकडे पाहिलं. दाराआड पावलांचा आवाज झाला आणि थांबला.

५

सर अंधाऱ्या घुमटात आपल्या यंत्राच्या टेबलाशी बसले होते. बायको आत गेली, मागोमाग मी. ती आवाज न चढवता बोलली.

“खरी मुलांच्या हातात तुम्हीच दिलीत. सगळे आत बसेपर्यंत बाई इथे होत्या, दालनात कोणी नव्हतं. तेव्हा तुम्ही अदलाबदल केलीत. खेळ उशिरा सुरू झाला तो म्हणूनच. खेळ संपल्यावर ती पुन्हा खोलीत ठेवायची होती, पण साहेब लवकर आले. सर, बाहेर माझ्या मुलीवर आळ आलाय.”

“मुलीवर?” सर ताडकन उठले. “मला वाटलं, नुसती शोधाशोध चाललीय. मुलीवर कसा?”

त्यांनी टेबलाखालून कापडी पिशवी काढली. ती उचलताना त्यांचा खांदा खाली गेला.

“साहेबांनी साचा काढून घेतला आणि खरी कपाटात ठेवली,” ते म्हणाले. “मुलांच्या हातांनी झिजते म्हणाले. पटलं नाही, पण गप्प बसलो. मग कळलं, एका हॉटेलवाल्याला ती दर्शनी दालनात ठेवायला द्यायचं ठरलंय. मुलांनी खोट्या दगडाला हात लावायचा आणि मी शेजारी उभं राहून सांगायचं, हा आभाळातून आला. जमेना मला. म्हणून साहेब जेवायला गेले, की काढत होतो. तेवढाच वेळ.”

“मग आता बाहेर येऊन सांगाल?”

“सांगायलाच हवं. नोकरी जाईल, जाऊ दे.”

ते आमच्या आधी बाहेर गेले आणि पिशवी चौथऱ्यावर ठेवली. ठेवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भुंग्यानं कुणाची परवानगी न घेता चुंबक लावलं. खट्‌!

“तुम्ही?” व्यवस्थापक किंचाळले. “तुम्हाला मी आजच—”

“तुमच्या खोलीतल्या कपाटातून काढली,” सर म्हणाले. “दुसरीकडून नाही.”

व्यवस्थापकांनी चटकन आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“आता बोलवा पोलिसांना,” बायको म्हणाली. “ते विचारतील, ‘खरी उल्का’ लिहिलेल्या पाटीवर खोटी कशी आणि खरी तुमच्या कपाटात कशासाठी. हॉटेलचंही निघेल. किंवा इथल्या इथे, या मुलांसमोर, ती जागेवर ठेवा.”

मामानं सॅक पाठीवर चढवली. “मी पुढच्या रविवारी येतोय,” तो म्हणाला. “आमची दगडवाली मंडळी बरोबर घेऊन. आम्ही सगळं हातात घेऊन बघतो. आणि हातात द्यायला हेच सर हवेत. नसले, तर कुठे गेले हे विचारल्याशिवाय आम्ही हलणार नाही.”

व्यवस्थापकांनी एकेकाकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः खरी उल्का दोन्ही हातांनी उचलून चौथऱ्यावर ठेवली, खोटी बगलेत मारली आणि खोलीकडे निघाले. बाईंनी मुख्य दाराची कडी काढली.

“साहेब,” मी त्यांच्या मागे हाक मारली, “माझ्या मुलीची माफी मागायची राहिली.”

ते थांबले, पण वळले नाहीत. “चूक झाली,” असं भिंतीला म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी पुढे व्हायला निघालो तर बायकोनं माझी बाही धरली. माफी मागायचं माझंही राहिलंच होतं, हे तिच्या नजरेवरून मला कळलं.

६

माऊ बोळाच्या टोकाला, मागच्या उघड्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली होती. मी शेजारी बसलो. बायको दाराला टेकून उभी राहिली.

“मी तुला बॅग उघडायला सांगायला नको होतं,” मी म्हटलं.

“हं.”

तिनं पायरीवरचा एक खडा बाहेर भिरकावला. मग तीच म्हणाली, “मी इथेच बसले होते. खेळ संपेपर्यंत. दार लावलं ना, दिवे गेले, आणि मला श्वासच घेता येईना. छातीत धडधडायला लागलं. दर वेळी होतं असं. दार बंद झालं, की.”

“दर वेळी म्हणजे?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच सिनेमा, बोगदा, लिफ्ट सगळं एका ओळीत डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. आणि मी समजत होतो, पोरगी मुद्दाम माझ्या बेतावर पाणी फिरवते.

“सांगायचं नाही का गं?” बायकोचा आवाज चिरकला. “अख्ख्या गावाचं खोटं पकडत फिरते मी!”

“भुंग्याला कळलं असतं. वर्षभर चिडवलं असतं त्यानं. आणि तुम्ही मला डॉक्टरकडे नेलं असतं.”

“नेणारच आहे,” बायको म्हणाली आणि तिच्या मागे बसून तिचे केस सारखे करू लागली. माऊनं मान झटकली नाही. “भुंग्याला नाही सांगणार.”

“मला माहितीये,” बोळातून भुंग्याचा आवाज आला. तो किती वेळ तिथे उभा होता कोण जाणे. “मत्स्यालयात ताईचा हात घामानं ओला झाला होता. मी विचारलं तर चिमटा काढला.”

“आता पण काढीन,” माऊ डोळे पुसत म्हणाली.

दालनात पुढच्या खेळाची गर्दी जमायला लागली होती. सर पुन्हा एकेका मुलाच्या हातात उल्का देत होते, आणि या वेळी कुणाच्या येण्याजाण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आम्ही बाहेर पडायला निघालो. पिशवी माझ्या खांद्यावर, गाडीची किल्ली हातात, डोकं ठणकत होतं. मला आता फक्त घर हवं होतं. अंथरूण हवं होतं. आणि नेमकी तेव्हाच माऊ सरांपाशी जाऊन उभी राहिली.

“सर, दार उघडं ठेवून खेळ दाखवता येतो का?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. एकही प्रश्न विचारला नाही. “तारे थोडे फिके दिसतील,” ते म्हणाले. “बाकी काही अडचण नाही. बाई, ते बाजूचं दार आज लोटू नका.”

“अगं, पण आपण आत्ताच तर सगळं—” मी सुरुवात केली.

“गप बस,” बायको म्हणाली.

आम्ही पुन्हा आत गेलो. माऊनं दाराजवळची कडेची खुर्ची धरली, तिच्या शेजारी भुंगा, मग आम्ही दोघं. दिवे गेले तेव्हा मी तिच्याकडे पाहत होतो. तिनं खुर्चीचा हात पकडला, एकदा दाराकडे वळून पाहिलं, मग डोकं मागे टेकलं. बाहेरचा उजेड आत येऊन घुमटावर चढला होता आणि पूर्वेकडचे सगळे तारे त्यानं पुसून टाकले होते. पुढच्या रांगेत कुणीतरी कुरकुरलं. माऊ पश्चिमेकडे बघत होती.